याला रिपेअर म्हणायचं?

'डेटा रिपेअर केला, नो टेन्शन!' हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. अहो, रेडिस प्रत्येक राइट एओएफ फाइलच्या शेवटी जोडत जातं. 'रेडिस-चेक-एओएफ'ला 'फिक्स' सांगितलं, की पहिल्या खराब नोंदीपासून शेवटपर्यंतचं सगळं ते सरळ कापून टाकतं! वीज जाऊन शेवटचीच नोंद अर्धवट राहिली असेल, तर ठीक. पण खराबी मधेच असेल तर पुढच्या धडधाकट नोंदीही गेल्या की! बिचारं टूल आधी विचारतं, फाइल इतक्या बाइटांवरून इतक्यावर येईल, चालेल? आपले वीर 'वाय' दाबून मोकळे. आधी कॉपी काढा, मग हवं तर डिफ बघा, असं रेडिसच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय (वाचतो कोण म्हणा!). क्लायंटला 'ऑल ओके'चा मेल टाकताय ना? मग कापलेल्या नोंदींची यादीही जोडा त्याला.