टंचाईची मजुरी आणि हक्काची मजुरी



आपल्यापैकी कित्येकांच्या घरचा मुलगा, भाऊ किंवा जावई ट्रकवर आहे. तो आठ-आठ दिवस घरी येत नाही, केबिनमध्ये झोपतो, ढाब्यावर जेवतो, आणि महिनाअखेर हाती पडेल त्यात घर चालवितो. म्हणून आज जी हकिकत आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत ती इंग्लंडातील असली, तरी आपणांस ती परकी वाटणार नाही.

२०२१ सालच्या सप्टेंबर महिन्यात ब्रिटनमधील पेट्रोल पंपांवर मोटारींच्या लांबच लांब रांगा लागल्या. देशात पेट्रोल नव्हते काय? होते. नव्हता तो टँकर चालविणारा माणूस. २३ सप्टेंबरला एका मोठ्या तेल कंपनीने, चालकांअभावी काही पंप तात्पुरते बंद ठेवावे लागतील असे जाहीर केले, आणि दुसऱ्या दिवसापासून जो तो भयापोटी आपल्या मोटारीची टाकी भरून घेऊ लागला. मंत्री सांगत होते की इंधनाचा तुटवडा नाही. लोक मात्र कोरड्या पंपासमोर उभे होते. अखेर ४ ऑक्टोबरपासून लष्कराच्या सुमारे २०० जवानांस या कामी लावावे लागले. त्यांत १०० चालक होते. ज्या साम्राज्याच्या जहाजांनी एकेकाळी जगाचा व्यापार वाहिला, त्याच्या राजधानीस पेट्रोल पोचविण्यासाठी सैनिक बोलवावे लागावेत, हे दृश्य विचार करावयास लावणारे खचितच आहे.

ही पाळी का आली? तेथील मालवाहतूकदारांच्या संघाने त्या वर्षी देशात सुमारे १ लाख ट्रकचालकांची उणीव असल्याचा अंदाज केला होता. साथीमुळे २०२० साली वाहन परवान्याच्या परीक्षा कित्येक महिने बंद राहिल्या, त्यामुळे नवे चालक तयार झाले नाहीत. जुन्यांपैकी अनेकांनी वयोमानाने काम सोडले. युरोपातून आलेले चालक टाळेबंदीत आपापल्या देशी परतले. आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी युरोपीय संघाशी असलेला ब्रिटनचा अखेरचा व्यवहारबंध तुटल्यावर त्यांना परत येण्याची वाट उरली नाही. ट्रक चालविणे हे सरकारी यादीप्रमाणे 'कुशल' काम गणले जात नव्हते, म्हणून त्यास कामाचा व्हिसा मिळत नव्हता. चाळीस-चव्वेचाळीस टनांचे धूड रात्रीच्या पावसात अरुंद रस्त्याने नेणे हे कौशल्य नव्हे, असे ठरविणाऱ्या अधिकाऱ्याने एकदा तरी त्या केबिनमध्ये बसून पाहावयास हवे होते.

परंतु ही सारी वरवरची कारणे होत. त्या सप्टेंबरात सरकारने जड वाहनाचा परवाना असलेल्या जवळपास १० लाख लोकांस पत्रे धाडली: कामावर या, परत या. त्यांत चालू कामावरचेही होते हे खरे. पण सोडून गेलेल्यांची संख्याही थोडी नव्हती. म्हणजे ज्यांना ट्रक चालविता येत होता अशी माणसे देशात होती. त्यांना तो चालवावयाचा नव्हता. का नव्हता, हे समजण्यासाठी आपण एक वर्ष मागे गेले पाहिजे.

२०२० सालच्या वसंतात, साथ भरात असता, ट्रकचालकास सरकारने अत्यावश्यक कामगार म्हणून गौरविले. त्याच दिवसांत, जेथे तो माल उतरवीत होता त्या गोदामांतून आणि दुकानांतून त्याला शौचालय वापरू दिले जात नाही, हात धुवू दिले जात नाहीत, अशा तक्रारी आल्या. हात धुवा असे जग ज्या दिवसांत ओरडून सांगत होते, ते हे दिवस! चालकास प्रसाधनगृह वापरू देणे कायद्याने बंधनकारक आहे, याची आठवण सरकारी खात्यास करून द्यावी लागली. आम्ही तुलना जपून करतो. तेथे जातीचा विटाळ नव्हता, रोगाची भीती होती. पण ज्याच्या हातचे धान्य चालते त्याच्या हाताला पाणी मिळत नाही, ही गोष्ट ज्यांचे आजे १९२७ साली महाडच्या तळ्यावर गेले त्यांना समजावून सांगण्याचे कारण नाही.

त्याच वर्षी २० डिसेंबरला विषाणूच्या नव्या प्रकाराच्या भीतीने फ्रान्सने इंग्लंडकडून येणारी वाहतूक अकस्मात बंद केली. केंट परगण्यात हजारो ट्रक रस्त्यावर आणि मॅन्स्टनच्या जुन्या विमानतळावर अडकून पडले. थंडीचे दिवस, घरी नाताळ, आणि चालक केबिनमध्ये. शौचालये अपुरी, अन्नाची सोय वेळेवर नाही. ग्रेव्हसेंडच्या गुरुद्वाऱ्यात त्यांच्यासाठी अन्न शिजविले गेले आणि शीख सेवाभावी संस्थेच्या लोकांनी ते गाड्यांपर्यंत पोचते केले. पोलंडचे, रुमानियाचे, बल्गेरियाचे चालक पंजाबी हातचे गरम जेवण जेवले, ही त्या काळोख्या आठवड्यातील एक उजळ आठवण. परंतु घरी पोचल्यावर पुन्हा तिकडे जाण्याचा उत्साह त्यांपैकी कितीजणांस उरला असेल?

आता मजुरीकडे वळू. माणूस मिळेना तेव्हा पैसा निघाला. मोठमोठ्या दुकानसाखळ्यांनी कामावर रुजू होणाऱ्या चालकास १,००० पौंडांचे बक्षीस देऊ केले; काहींनी त्याहून अधिक दिले. वर्षानुवर्षे 'परवडत नाही' म्हणणाऱ्यांना एका उन्हाळ्यात परवडू लागले. ६ ऑक्टोबर २०२१ रोजी मँचेस्टर येथे आपल्या पक्षाच्या परिषदेत पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी यास यशाचे रूप दिले: स्वस्त परदेशी मजुरांवर चालणारी जुनी व्यवस्था आम्ही मोडीत आहोत, यापुढे मजुरी वाढेल, असा त्यांच्या भाषणाचा मथितार्थ होता.

यात सत्याचा अंश नाही असे आम्ही म्हणणार नाही. २०१६ साली युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने मत देणाऱ्यांत असे असंख्य कष्टकरी होते, ज्यांची मिळकत वर्षानुवर्षे जागची हलली नव्हती. त्यांचा संताप खरा होता. खोटे होते ते त्या संतापाला दाखविलेले बोट. मजुरी दाबून ठेवणारा मालक आणि तिकडे डोळेझाक करणारे सरकार नजरेआड राहिले, आणि शेजारच्या ट्रकमधला पोलिश चालक शत्रू ठरला. तो गेला, पण पेट्रोल आले नाही. चालकांची वाण पोलंडमध्ये होती, जर्मनीतही होती. म्हणजे दुखणे एकट्या परदेशी चालकाच्या जाण्यायेण्याचे नव्हते.

मग त्यालाच परत हाक मारण्यात आली! २५ सप्टेंबरला सरकारने ५,००० चालकांस तात्पुरते व्हिसे जाहीर केले, मुदत २४ डिसेंबरपर्यंत: या, आमचा नाताळ पार पाडा, आणि नाताळच्या आदल्या दिवशी चालते व्हा. पुढे ही मुदत फेब्रुवारी २०२२ अखेरपर्यंत वाढविली, ती नाइलाजाने. ५ ऑक्टोबरला पंतप्रधानांनीच सांगितले की आतापर्यंत वाहतूकदारांकडून केवळ १२७ नावे आली आहेत. पाच हजारांची पंगत मांडली आणि पानावर सव्वाशे. अशा आमंत्रणाला नकार देणाऱ्या माणसाचे आम्हांस कौतुक वाटते.

मजुरांची वाण पडली की राज्यकर्ते काय करतात याचा इंग्लंडचा अनुभव जुना आहे. १३४८ साली तेथे प्लेग आला, माणसे मेली, उरलेल्या शेतमजुरांनी अधिक मजुरी मागितली. तेव्हा राजाने १३४९ साली हुकूम काढला आणि १३५१ साली पार्लमेंटने कायदा केला की प्लेगपूर्वी जी मजुरी होती तीच घ्यावी. अधिक घेणारा शिक्षेस पात्र. १३८१ साली लंडनवर चालून गेलेल्या शेतकऱ्यांच्या रोषात त्या कायद्याचाही वाटा होता. २०२१ साली असा कायदा कोणी केला नाही. तशी आवश्यकताच राहिली नाही, कारण ते काम महागाईने केले: २०२२ सालच्या ऑक्टोबरात तेथील महागाईचा दर ११.१ टक्के झाला. बक्षिसाचे पौंड एकदाच मिळाले होते. भाकरीचे आणि वीज-गॅसचे बिल दर महिन्यास येत राहिले. मजुरी वाढेल असे सांगणारे पंतप्रधान तोवर पदावरून गेलेही होते.

आम्हांस अधिक चिंतेची वाटली ती दुसरी गोष्ट. चालक कमी पडले तेव्हा सरकारने जुलै २०२१ मध्ये वाहन चालविण्याच्या तासांचे नियम सैल केले. रोज ९ तास आणि आठवड्यातून दोनच दिवस १० तास ही मर्यादा होती, ती वाढविली. माणसे थोडी, तर आहेत त्यांनाच अधिक ताणा! कामगार संघटनांनी याचा निषेध केला, कारण झोपेने मिटणारे डोळे हुकमाने उघडे राहत नाहीत. आपल्याकडेही साथीच्या काळात गुजरात सरकारने कारखान्यांतील कामाचे तास १२ वर नेले होते आणि जादा तासांची दुप्पट मजुरी नाकारली होती. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. कारखान्यातील आठवडा ४८ तासांवर आणणारे विधेयक मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांनी मांडले होते आणि १९४६ साली त्याचा कायदा झाला. मोटार वाहतुकीच्या कामगारांसाठी १९६१ सालच्या कायद्याने दिवसाचे ८ तास ठरविले होते. कागदावर लिहिलेला तास टंचाई आली तरी, टंचाई गेली तरी, न्यायालयात दाखविता येतो. बक्षीस दाखविता येत नाही.

ऑक्टोबर २०२१ च्या अंदाजपत्रकात ब्रिटनच्या सरकारने रस्त्यालगत चालकांसाठी गाडी उभी करण्याच्या जागा, शौचालये आणि स्नानगृहे सुधारण्यास ३ कोटी २५ लक्ष पौंड मंजूर केले. पंप कोरडे पडण्यापूर्वी ही मागणी चालक वर्षानुवर्षे करीत होते. आपल्या घरचा मुलगा पुढच्या खेपेवरून परतेल तेव्हा त्याला पगार विचारण्यापूर्वी एवढे विचारा: किती तास गाडी चालविलीस, कोठे झोपलास, आणि तुझ्या नावाचे नेमणूकपत्र कोणापाशी आहे?