गुन्हा त्याचा, मग गप्प तिने का बसायचे?

आरक्षणावर एखाद्या बौद्ध मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या की मुद्द्याला उत्तर येत नाही. येतात त्या जातीवरून शिव्या, चारित्र्यावर चिखल आणि बलात्काराच्या धमक्या. फोटोत फेरफार करून तो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवतात. मग घरचेच म्हणतात, "अकाउंट बंद कर." म्हणजे गुन्हा त्याचा आणि शिक्षा तिला!

1942 च्या नागपूर दलित महिला परिषदेत हजारो स्त्रिया जमल्या होत्या. त्यांच्या नाती आज मोबाईलवरून बोलतात. त्यांना गप्प बसवणे हाच या टोळ्यांचा डाव आहे आणि अकाउंट बंद केले की तो साधतो.

म्हणून आम्ही सांगतो, आधी पुरावा जपा: स्क्रीनशॉट, लिंक, तारीख, वेळ. मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या. ऑनलाइन पाठलागाला भारतीय न्याय संहितेचे कलम 78 आहे. पीडिता अनुसूचित जाती-जमातीची आणि आरोपी त्याबाहेरचा असेल, तर ॲट्रॉसिटी कायदाही लावायला सांगा. 2015 च्या दुरुस्तीने लैंगिक स्वरूपाचे शब्दही त्यात गुन्हा ठरले आहेत. ठाण्यात तिला एकटीला पाठवू नका, चार जण सोबत जा.

आणि भीमसैनिकांनो, विरोधकाच्या आई-बहिणीवरून शिवी देऊन बाबासाहेबांचा बचाव होत नाही. हिंदू कोड बिल गुंडाळले गेल्यावर 1951 साली त्यांनी मंत्रिपद सोडले. त्यांच्या नावाने स्त्रीला शिवी? ती आधी आपल्या ग्रुपमधून हद्दपार करा.

जय भीम!