कोरियातील भारतीय पहारा

शूर कोणास म्हणावे, असा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक मुलांच्या डोळ्यांपुढे उपसलेली तलवार उभी राहते. कोणी बाजीप्रभूंचे नाव घेतो, कोणी तानाजींचे, तर कोणी अलीकडील परमवीरांचे. यात काहीच वावगे नाही. या वीरांनी प्राण वेचले म्हणूनच आपण मान ताठ ठेवून जगतो आहोत. परंतु युद्ध थांबल्यानंतर, ज्या भूमीवरचे रक्त अद्याप वाळलेले नाही अशा ठिकाणी जाऊन, कालच्या वैऱ्यांच्या मध्ये उभे राहून माणसे सांभाळणे, हेही शौर्यच होय. त्याची आठवण आपल्या पाठ्यपुस्तकांत व समारंभांत फारशी होत नाही. ती व्हावी, असे आम्हांस वाटते. म्हणूनच लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांच्या जीवनातील एका प्रकरणाकडे वाचकांचे लक्ष वेधण्याचे आम्ही योजिले आहे.

थोरात हे कोल्हापूरकडचे. सँडहर्स्टच्या सैनिकी विद्यालयात शिकून १९२६ साली ते लष्करी अधिकारी झाले. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४५ मध्ये, ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर कांगॉ येथे जपानी सैन्याशी निकराची लढाई झाली. तेथे पंजाब रेजिमेंटच्या एका पलटणीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. त्या पराक्रमाबद्दल त्यांना डी. एस. ओ. हा मोठा सन्मान मिळाला. त्यांच्याच ब्रिगेडमध्ये दुसऱ्या पलटणीचे प्रमुख थिमय्या होते. हे दोघे सहकारी आठ वर्षांनी पुन्हा एका परक्या भूमीवर एकत्र आले. पण या वेळी त्यांना लढावयाचे नव्हते.

ही भूमी म्हणजे कोरिया. २५ जून १९५० रोजी तेथे उत्तर व दक्षिण यांच्यात युद्ध पेटले. उत्तरेच्या पाठीशी चीन आणि दक्षिणेच्या पाठीशी अमेरिकेसह संयुक्त राष्ट्रांचे सैन्य उभे राहिले. जुलै १९५१ मध्ये तहाची बोलणी सुरू झाली. परंतु युद्धकैद्यांच्या प्रश्नावर ती दीर्घकाळ अडून राहिली. सर्व कैदी मायदेशी पाठवलेच पाहिजेत, असे एक पक्ष म्हणे. ज्याची इच्छा नाही त्याला बळजबरीने पाठवणार नाही, असे दुसरा पक्ष म्हणे. बोलणी चालू असतानाही तोफा चालू होत्या आणि माणसे मरत होती.

अखेर २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाली. परत जाण्यास नकार देणाऱ्या कैद्यांसाठी भारत, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया या पाच राष्ट्रांचा एक आयोग नेमण्यात आला. जनरल थिमय्या त्याचे अध्यक्ष झाले. कैद्यांना प्रत्यक्ष सांभाळण्याचे काम मात्र एकट्या भारताच्या सैन्याकडे आले आणि त्या रक्षक दलाचे सेनापती म्हणून थोरातांची निवड झाली.

काम किती अवघड होते, याची कल्पना आरंभीच आली. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देण्यास नकार दिला. तेव्हा जहाजांवरून उतरलेल्या आमच्या जवानांना हेलिकॉप्टरने थेट दोन सैन्यांमधल्या चार किलोमीटर रुंदीच्या निःसैन्य पट्ट्यात नेऊन सोडावे लागले. सुमारे सहा हजार सैनिकांनी तेथे आपले ठाणे वसवले. त्या वस्तीला त्यांनी नाव दिले ‘हिंदनगर’.

त्यांच्या हवाली दक्षिणेच्या बाजूकडून २२,६०४ आणि उत्तरेच्या बाजूकडून ३५९ कैदी करण्यात आले. बावीस हजारांत चिनी होते, कोरियन होते. छावणीच्या एकेका आवारात सुमारे पाचशे जण कोंडलेले असत. आत कैद्यांच्याच पुढाऱ्यांची हुकमत चाले. ‘मला घरी जायचे आहे’ असे जो म्हणेल, त्याची त्या आवारात धडगत नसे. कित्येकांनी जीव मुठीत धरून, तारांवरून उड्या टाकून, भारतीय पहारेकऱ्यांजवळ धाव घेतली. त्यांना आश्रय देऊन सुखरूप घराच्या वाटेला लावणे, हे आमच्या जवानांचे काम होते. शिव्या आणि दगड ही या कामाची रोजची मजुरी!

सप्टेंबर १९५३ च्या अखेरीस असाच एक चिनी कैदी पळून येऊन भारतीयांना मिळाला. त्याला परत द्या, म्हणून आवारातील कैदी खवळले आणि त्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला आत ओढून नेऊन ओलीस धरले. थोरातांपुढे दोन सोपे मार्ग होते. आश्रयाला आलेला कैदी परत द्यावा, किंवा बंदुका चालवून आवार ताब्यात घ्यावे. पहिल्यात शरणागताचा घात होता. दुसऱ्यात ग्रेवालांसह अनेकांचा बळी गेला असता. थोरातांनी दोन्ही मार्ग नाकारले. मोजके सहकारी घेऊन, हाती शस्त्र न घेता, ते स्वतः त्या खवळलेल्या जमावात शिरले आणि ग्रेवाल यांना सोडवून घेऊन बाहेर आले. एकही गोळी सुटली नाही. या धैर्याबद्दल त्यांना अशोकचक्र (द्वितीय श्रेणी) देण्यात आले. आज त्याच पदकास कीर्तिचक्र म्हणतात.

प्रत्येक प्रसंग इतक्या सुखाने निभावला असे मात्र नव्हे. ऑक्टोबरच्या आरंभी कुंपण मोडू पाहणाऱ्या जमावावर भारतीय पहाऱ्यास गोळीबार करावा लागला आणि काही कैदी प्राणांस मुकले. हे झाकून ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. पहारेकऱ्याचे काम किती नाजूक असते, हे त्यावरूनच समजते.

प्रत्येक कैद्याला नीट समजावून सांगून त्याचा निर्णय घ्यावा, अशी मूळ योजना होती. उभय पक्षांच्या हटवादामुळे ती अपुरी राहिली. बहुसंख्य कैद्यांची समजावणी झालीच नाही. अखेर सहाशेंहून थोडे अधिक कैदी आपल्या मायदेशी परतले. शंभराहून कमी जणांनी दोन्ही बाजू नाकारून त्रयस्थ देशाची वाट धरली. ते भारतीय दलाबरोबर भारतात आले, आणि त्यांतील काही येथेच स्थायिक झाले. उरलेल्या कैद्यांना जानेवारी १९५४ मध्ये ज्यांनी त्यांना सोपवले होते त्यांच्याकडे परत करण्यात आले. दोन्ही पक्षांनी भारताला दोष दिला.

मग या खटाटोपात भारताने मिळवले काय, असे कोणी विचारील. ना भूमी मिळाली, ना खंडणी, ना कोणाचा जयजयकार. आमचे उत्तर असे, की सहाशे घरांची दारे उघडली, हे काय थोडे झाले? त्यांतील प्रत्येक घरी कोणी आई वाट पाहत होती. शिवाय दोन्ही बाजूंनी दूषण दिले, याचाच अर्थ आमचे सैनिक कोणाचेही बटिक झाले नव्हते. पुढे १९५६ साली गाझात व १९६० साली काँगोत शांतिरक्षणासाठी भारतीय सैन्याला पाचारण झाले. कोरियात कमावलेला विश्वास त्यामागे होता, असे आम्ही मानतो.

ही कथा भेस्तानच्या वाचकांस दूरची वाटू नये. जळगाव, धुळे, नंदुरबार येथून माग चालवण्यासाठी सुरतेस आलेली कुटुंबे आपल्या आजूबाजूस पुष्कळ आहेत. उधन्याहून भुसावळकडे जाणारी गाडी दिसली की घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात एक प्रश्न उठतो: परत जावे की येथेच राहावे? आपल्याला तो प्रश्न मोकळेपणाने विचारता येतो, त्याचे उत्तर बदलताही येते. दर दिवाळीस गावी जाऊन येता येते. कोरियातील त्या कैद्याला एकदाच उत्तर द्यावयाचे होते, तेही शेजाऱ्याच्या धाकाखाली, आणि ते आयुष्यभर पुरणारे होते. ज्याने गाव सोडले आहे, त्यालाच त्या उत्तराचे वजन अधिक कळेल.

आमची सूचना साधी आहे. शाळेत एखाद्या निवृत्त सैनिकास पाहुणे म्हणून बोलावले, तर मुलांनी त्यांना लढायांबद्दल अवश्य विचारावे. पण त्याबरोबर हेही विचारावे, की ‘काका, तुम्ही कोणाला वाचवले?’ पूर असो, भूकंप असो, की सरहद्दीवरील एखादे उद्ध्वस्त गाव असो, बहुतेक सैनिकांपाशी या प्रश्नाचे उत्तर असते. केवळ विचारणारा भेटत नाही. आणि वर्गनायक होणाऱ्या किंवा मैदानावर पंचाची शिट्टी हाती घेणाऱ्या मुलाने थोरातांची आठवण ठेवावी. दोन्ही बाजूंचा रोष पत्करून जो आपल्या आश्रयास आलेल्या दुबळ्याला सोडत नाही, त्याच्याही अंगी तेच शौर्य असते.

जनरल थोरातांचे १९९२ साली निधन झाले. कांगॉच्या लढाईसाठी त्यांना वीर म्हणून ओळखले जाते, ते योग्यच आहे. आमच्या मुलांनी त्यांना हिंदनगरासाठीही ओळखावे, इतकीच आमची इच्छा आहे.