एसटीने जाण्यात कमीपणा कसला?

दिवाळीच्या आधीची गोष्ट. रात्री दहाच्या सुमारास सव्वीस वर्षांच्या एका मुलाला घरचे लोक दवाखान्यात घेऊन आले. मोटारसायकलवरून पडला होता. कोपर सोलटलेले, हनुवटीला चार टाके घालावे लागले आणि जीभ एका कडेने चावलेली. जीभ पाहिल्यावर मला पुढचे काही विचारावे लागले नाही. या मुलाला फिट येतात. गाडी चालवायची नाही, हे मी त्याला आणि त्याच्या वडिलांना अनेकदा बजावले होते. वाहन परवान्याच्या अर्जातही फिट येतात का, असे स्पष्ट विचारलेले असते, आणि ते उगाच नाही.

वडिलांना बाजूला घेऊन म्हटले, "तालुक्याला जायला तासातासाला एसटी आहे, मग याच्या हातात गाडी कशाला दिलीत?" ते खाली मान घालून म्हणाले, "साहेब, पोराला बघायला पाव्हणे यायला लागलेत. एसटीनं हिंडतो म्हटल्यावर पोरगी कोण देईल?"

आजार लपवून सोयरीक जमवणे हा निराळा विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन. पण त्या बापाने गावाचा स्वभाव अचूक ओळखला होता, हे मला नाकारता येत नाही.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. माझ्या लहानपणी हायस्कूलचे मास्तर, वकील, कचेरीतले कारकून आणि बाजारच्या पाट्या घेतलेल्या बायका एकाच गाडीत असत. पुढे हप्त्यांवर दुचाकी आली, मग चारचाकी आली, आणि एकेकजण उतरून गेला. जे उतरले तेच आता तिला 'लाल डबा' म्हणतात. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा "आमच्याकडच्या बाया एसटीने जात नाहीत" असे ऐटीत सांगणारेही मला भेटले.

आता डॉक्टर म्हणून बोलतो. २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत शंभरातली सुमारे चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. बसमधली त्या मानाने फारच थोडी. म्हणजे ज्या वाहनाला आपण प्रतिष्ठेचे समजतो, त्यावरच जास्त माणसे जातात.

दुसरे म्हणजे चालणे. माझे एक रुग्ण, निवृत्त शिक्षक, रोज घर ते स्टँड पायी जात. मुलाने गाडी घेतली आणि "बाबा, आता स्टँडवर ताटकळत उभे राहू नका, बरे दिसत नाही" असे सांगितले. वर्षभरात त्यांची साखर बरीच वर गेली. सगळा दोष मी गाडीला देणार नाही, गोळ्यांतही हयगय होती. पण जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे व्यायाम करा म्हणते, आणि यांची जवळजवळ तेवढी मिनिटे स्टँडच्या वाटेवर आपोआप होत होती.

फिट येणाऱ्यांसाठी एवढे सांगतो. गोळी एक दिवसही चुकवू नका. गाडी चालवू नका, ट्रॅक्टरही नाही. एसटीत दाराजवळ उभे न राहता आत बसून घ्या. आजाराचे नाव आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवा. शेजारच्याला फिट आली तर त्याला कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, कांदा आणि चप्पल हुंगवू नका.

हे सांगणारा मी स्वतः पंधरा वर्षे एसटीत चढलो नव्हतो. दवाखाना चालायला लागला, गाडी आली, आणि डॉक्टरने स्टँडवर उभे राहणे मलाही बरे वाटेना. त्या मुलाचे टाके काढले त्या आठवड्यात जिल्ह्याला काम निघाले, तेव्हा मुद्दाम एसटीने गेलो. आमच्याच गल्लीतल्या एका काकूंनी सरकून जागा दिली आणि हळूच विचारले, "गाडी बिघडली का हो डॉक्टर?"

नाही म्हणालो, पण त्यांना ते पटले नाही. उतरेपर्यंत त्या मला चांगला मेकॅनिक कुठे आहे ते सांगत होत्या.