तिमोरच्या रक्तावर तेलाचा तवंग!

मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे आम्ही ऐकून होतो; पण विमानात बसून, शॅम्पेनचे प्याले उंचावून ते खाणारे जगाने 11 डिसेंबर 1989 रोजी पाहिले! त्या दिवशी ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री गॅरेथ इव्हान्स आणि इंडोनेशियाचे अली अलातास तिमोरच्या समुद्रावरून उडत होते. खाली तेल होते, वायू होता. आणि जवळच्या बेटावर 14 वर्षे इंडोनेशियाच्या संगिनींखाली गुदमरणारी पूर्व तिमोरची प्रजा होती. या दोघा सद्गृहस्थांनी हवेतल्या हवेत सह्या ठोकून परक्याचा समुद्र वाटून घेतला. ज्याचा समुद्र, त्याला विचारले कोणी?

ऑक्टोबर 2025 मध्ये हाच पूर्व तिमोर आसियानचा अकरावा सभासद झाला, तेव्हा अभिनंदनाला हीच राष्ट्रे पुढे! वर ‘मदती’ची भाषा. मदत? कसली मदत? आधी देणे चुकवा!

पहिला देणेकरी पोर्तुगाल. सोळाव्या शतकात चंदनाच्या लोभाने आला आणि चार शतके ठाण मांडून बसला. 1974 साली लिस्बनची हुकूमशाही कोसळली आणि पुढच्याच वर्षी दिली शहरात यादवी पेटली. ती शमवायची सोडून गव्हर्नरसाहेब समोरच्या अताउरो बेटावर पसार झाले! 28 नोव्हेंबर 1975 रोजी फ्रेटिलिन पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केले. ते नऊ दिवस टिकले. 7 डिसेंबरला इंडोनेशियाच्या फौजा दिलीत उतरल्या.

आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड आणि त्यांचे परराष्ट्रमंत्री किसिंजर जाकार्तात इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो यांचे पाहुणे होते. आक्रमणाचा बेत त्यांच्या कानावर घातला गेला. किसिंजर यांना चिंता कसली? अमेरिकी शस्त्रे वापरल्याचा बोभाटा होईल याची! काय करायचे ते आम्ही मायदेशी पोचल्यावर लवकर उरका, हा त्यांचा सल्ला. 2001 साली खुल्या झालेल्या अमेरिकी कागदपत्रांतच हे सारे नमूद आहे. सुरक्षा परिषदेने माघारीचा ठराव केला. तो 24 वर्षे धूळ खात पडला.

त्या 24 वर्षांची किंमत? साडेसहा लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात किमान 1 लाख 2 हजार 800 जीव गेले, असे तिमोरच्या सत्यशोधन आयोगाने 2005 साली सांगितले. त्यातले सुमारे 84 हजार भुकेने आणि रोगराईने गेले. हा अस्मानी दुष्काळ नव्हता, सुलतानी होता. पिके जाळून, माणसे छावण्यांत कोंडून तो घडवला होता.

12 नोव्हेंबर 1991 रोजी दिलीतल्या सांता क्रूझ दफनभूमीत सेबास्तियाँव गोमेस या मारल्या गेलेल्या तरुणाच्या कबरीवर फुले वाहायला लोक जमले होते. सैनिकांनी त्यांच्यावर बंदुका चालवल्या. मॅक्स स्टाल या ब्रिटिश माहितीपटकाराने आपली चित्रफीत थडग्याच्या मातीत पुरली, मागाहून उकरून काढली, म्हणून जगाला ते मुडदे दिसले!

आणि आपला भारत? संयुक्त राष्ट्रसंघात आपण जाकार्ताची पाठराखण केली. समर्थनाला दाखला काय, तर 1961 चा गोवा! अरे, गोवा पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटला. तिमोर एका तुरुंगातून दुसऱ्यात ढकलला गेला. 1955 साली गोव्याच्या सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींनी छातीवर गोळ्या झेलल्या. त्यांच्या पुण्याईवर सुहार्तोंचे पाप झाकायचे?

30 ऑगस्ट 1999 च्या सार्वमतात 78.5 टक्के तिमोरींनी स्वातंत्र्य मागितले. उत्तरादाखल इंडोनेशियाच्या फौजेने पोसलेल्या टोळ्यांनी गावेच्या गावे जाळली. तेव्हा ऑस्ट्रेलियाने शांतिसेना नेली, हे आम्ही नाकारत नाही. पण मार्च 2002 मध्ये, तिमोरच्या स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना, हाच ऑस्ट्रेलिया सागरी हद्दीच्या वादापुरता आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या अधिकारातून बाहेर पडला. 2004 साली तर मदतीच्या डागडुजीआड तिमोरच्या मंत्रिमंडळाच्या कचेरीत चोरून ऐकण्याची यंत्रे बसवली! हे बिंग फोडणाऱ्या ‘साक्षीदार के’ या हेरालाच शिक्षा झाली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच! हद्दीचा करार व्हायला 2018 साल उजाडले.

दिलीच्या नव्या सरदारांनाही आम्ही सोडणार नाही. निम्म्याच्या आसपास बालके कुपोषणाने खुरटलेल्या या देशात 2025 साली 65 खासदारांना सरकारी खर्चाने नव्या टोयोटा प्राडो हव्या होत्या! विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उतरून तो बेत उधळला आणि माजी खासदारांची तहहयात पेन्शनही रद्द करायला लावली. शाबास! स्वातंत्र्याची राखण अशीच करायची असते.

आता आमची मागणी रोखठोक आहे. जाकार्ताने 1999 च्या खुनांचे आरोपी न्यायालयापुढे उभे करावेत. याच खुनांबद्दल 2003 साली दिलीत आरोपपत्र निघालेले जनरल विरांतो पुढे मंत्री म्हणून मिरवले, ही इंडोनेशियाच्या न्यायाची नाचक्की आहे. कॅनबेराने तिमोरच्या वाट्याच्या समुद्रातून उपसलेल्या तेलाचा पैसा परत करावा. आणि दिल्लीने तिमोरविरुद्ध दिलेला कौल चुकीचा होता, हे संसदेत उभे राहून कबूल करावे. हे होईपर्यंत तिमोरच्या अभिनंदनाचे प्रत्येक भाषण म्हणजे शुद्ध ढोंग आहे!