खाटेआधीचे बालक

आरोग्यव्यवस्थेतील सुधारणांची चर्चा अलीकडे मुख्यतः रुग्णालयाच्या बिलाभोवती फिरते. 2018 मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत विमा योजनेने गरीब कुटुंबांना वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण दिले आणि 2024 मध्ये 70 वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, तिचे दार खुले झाले. आजारपणापायी कर्जबाजारी होणाऱ्यांसाठी हे आवश्यकच होते. परंतु रुग्ण खाटेवर दाखल झाल्यावरच जिचा पैसा हलतो, अशी योजना बालकांच्या वाट्याला फार उशिरा येते. 2020 च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे 16 अर्भके पहिल्या वाढदिवसाआधी दगावली आणि त्यांपैकी 11 पहिल्या 28 दिवसांतच. या काळात ऊब, स्तनपान आणि जंतुसंसर्गाची वेळीच पटलेली ओळख यांवर बरेच काही ठरते.

महाराष्ट्राला हे बाहेरून शिकावे लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांकरवी नवजातांची घरीच काळजी घेतली आणि त्यामुळे नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. 2011 मध्ये केंद्राने ही पद्धत देशभर स्वीकारली, आशा स्वयंसेविकेने 42 दिवसांत सहा ते सात गृहभेटी द्याव्यात असे ठरवले आणि या सगळ्या भेटींचा मिळून मोबदला ठेवला 250 रुपये. ज्या कामाने मृत्यू टळतो त्याची ही किंमत पुरेशी बोलकी आहे.

वाचलेल्या बालकाची वाढ हा त्यापुढचा, आणि अधिक अवघड, प्रश्न. वयाच्या मानाने उंची कमी राहणे म्हणजे खुरटलेपण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यात पाच वर्षांखालील अशा बालकांचे प्रमाण 2015-16 मध्ये 34.4 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 35.2 टक्के झाले. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची आणि उपकेंद्र आरोग्य खात्याचे, त्यामुळे वजन घटलेले बालक दोन वह्यांत नोंदले जाते, पण त्याची जबाबदारी नेमकी कोणाची हे ठरत नाही.

आरोग्यावरील खर्चाचा दोन तृतीयांश किंवा अधिक वाटा प्राथमिक सेवेला देण्याचे 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नमूद आहे. विम्याच्या तरतुदी वाढवण्याआधी राज्याने आशांचा मोबदला, उपकेंद्रांतील परिचारिका आणि दोन्ही खात्यांची एकच नोंदवही यांसाठी पैसा बाजूला काढावा.