गुडघ्याची कुरकुर ऐका

आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो, असे म्हणतात. गुडघेदुखी मात्र येतेच मुंगीच्या पावलाने. आधी पायरी चढताना कळ, मग मांडी घालणे बंद आणि एके दिवशी पाहावे तर गुडघा सुजून वाटोळा!

आमच्या जांबोटी भागात पावसाळाभर चिखलात वाकून भातलावणी, गोठ्यात उकिडवे बसून काम, डोक्यावर ओझे. गुडघ्यांना विसावा कुठला? माझी मावशी दोन वर्षे सुजलेला गुडघा घेऊन वावरत होती. विचारले की म्हणायची, ''वयच झालं रे आता.'' फारच दुखले की मेडिकलमधली गोळी. शेवटी तिला बेळगावला हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. तेथे समजलेले वाचकांनाही कळावे, म्हणून हा विषय.

वयानुसार हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते. सांध्याचे अस्तर चिडते व जास्त पाणी सोडते. हीच सूज. तिच्यामुळे मांडीचा पुढचा स्नायू नीट काम करीत नाही, दुबळा होतो आणि भार पुन्हा गुडघ्यावरच येतो. हे चक्र नुसत्या गोळीने तुटत नाही. उलट मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या पोट व मूत्रपिंड बिघडवू शकतात.

चक्र तोडायचे ते मांडीला बळ देऊन. खुर्चीवर बसावे, एक पाय सरळ करून पाच अंक मोजेपर्यंत धरावा, सावकाश खाली घ्यावा. असे दहा वेळा, दोन्ही पायांनी, रोज. वजन जास्त असल्यास एक किलो घटले तरी प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. सूज असताना फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे ठेवावा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी.

गुडघा अचानक सुजला, लाल व गरम झाला, ताप आला किंवा पाय टेकवेना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सकाळी बोटांसह अनेक सांधे तासभर आखडत असतील, तर तो संधिवात असू शकतो. त्याचे उपचार वेगळे.

शस्त्रक्रियेची वेळ सर्वांवर येत नाही. आली तरी घाबरू नये. पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयींनी २००० आणि २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात दोन्ही गुडघे बदलून घेतले. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमतीही ठरवून दिल्या.

मावशीचा गुडघा काही पूर्वीसारखा झालेला नाही, पण सूज उतरली आहे आणि ती देवळापर्यंत चालत जाते. घरातल्या बाईचे दुखणे आपण फार लवकर वयाच्या खात्यावर मांडतो. गोठ्यात एक उंच स्टूल, न्हाणीघरात धरायला दांडा, शौचालयात कमोडची खुर्ची आणि ओझे उचलायला घरातला तरणा हात, एवढे तरी आपण या आठवड्यात नक्कीच करू शकतो.